तिरके फोटो

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

कॉम्प्युटर आता जास्त दिवस काढणार नाही. सकाळी चालू केला तर आतून टक-टक, टक-टक — घड्याळ गिळून बसल्यासारखा. हा आवाज मी ओळखतो. हार्ड डिस्क जायला आली की अशीच वाजते. स्टुडिओतला पहिला कॉम्प्युटरही असाच वाजत राहिला आणि एक दिवस गप्प झाला.

स्टुडिओ बंद करून वर्ष झालं. नेरमध्ये आता फोटोसाठी दुकानाची पायरी कोण चढतो? ज्याच्या-त्याच्या खिशात कॅमेरा. घरी बैठकीच्या दारावर निळा पडदा टांगून ठेवला आहे, कोणी आलाच तर पासपोर्ट साइज काढून देतो. दुपारी मुजफ्फरच्या गॅरेजवर स्पेअर पार्टच्या काउंटरला बसतो. भाऊ माझ्याहून लहान, पण गॅरेज त्याचं. तसं तो कधी जाणवू देत नाही.

घरचे सगळे फोटो त्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. रोलच्या काळातलेसुद्धा मी स्कॅन करून ठेवलेले. फरहा पाळण्यात होती तेव्हापासून ती लग्न होऊन नागपूरला गेली तोपर्यंतचे. तिनंच तिकडून टॅब पाठवला, त्याला महिना होत आला. मी डब्यातून काढला नव्हता. आज फोनवर पुन्हा म्हणाली, "अब्बा, उसमें डाल दो सब. अम्मी को भी देखते आएगा."

उद्यापासून लागतो.

१३ ऑक्टोबर

केबल लावली. फार हळू चालतं. एकेक फोल्डर उचलायचा, तिकडे टाकायचा आणि हिरवी पट्टी सरकते तिच्याकडे पाहत बसायचं. मध्येच टक-टक वाढते, पट्टी थांबते. मग माझाही श्वास थांबतो. अल्लाह, एवढं होऊ दे — इतकंच म्हणत होतो.

अकीला पिठाचे हात घेऊन शेजारी येऊन बसली. टॅबवर एक फोटो मोठा करून दाखवला तर म्हणे, "हा कोण मुच्छड?"

मीच. लग्नानंतरच्या पहिल्या ईदचा.

"इतली मोठी मिशी होती तुमची? आन मी भ्याली नाही?"

किती दिवसांनी हसली.

ती बाभुळगावकडची. घरात हिंदी बोलते, पण हसली किंवा चिडली की वऱ्हाडीवर येते. उर्दू शाळेत शिकली, मराठी वाचत नाही. म्हणून इथे मनातलं लिहिता येतं.

१५ ऑक्टोबर

सगळे फोटो टॅबमध्ये गेले. आणि मग चूक लक्षात आली.

कॉम्प्युटरवर पाहिलं तर घरचं फोल्डर रिकामं! मी कॉपी केलंच नाही, कट केलं. हात आपला आपण चालला. इतकी वर्षं स्टुडिओत तेच केलं ना. लग्नाचे फोटो झाले, गिऱ्हाइकाला दिले, की आपल्या मशीनमध्ये काही ठेवायचं नाही. लोकांच्या लेकीसुनांचे चेहरे. अमानत असते ती. दुसरे स्टुडिओवाले हसायचे — निजामभाऊ, पुन्हा प्रिंट मागितले तर काय देशील? मी म्हणायचो, त्यांच्याजवळ आहेत, ते देतील. मी कधीच कॉपी केली नाही, कट केलं. तिकडे गेलं की इकडे नाही.

आता घरचंही तसंच झालं. तिकडे आहे, इकडे नाही. उलटं परत आणायला गेलो तर टक-टक इतकी वाढली की बंदच केला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉम्प्युटर आज उठलाच नाही. टक-टकसुद्धा नाही. जुम्म्याच्या नमाजला निघण्याआधी दोनदा बटण दाबून पाहिलं.

आता जे काही आहे ते त्या एका टॅबमध्ये. हातात घ्यायची भीती वाटते.

१९ ऑक्टोबर

अकीलाला टॅब आवडला. असरची नमाज झाली की ओट्यावर घेऊन बसते, बोटानं सरकवत राहते. मी जवळ गेलो की मांडीवर पालथा ठेवते.

"काय पाहून राह्यली?"

"काही नाही. तुमचा जमाना."

माझ्या पोटाचं तेच. दोन घास गेले की भरून येतं. गेल्या महिन्यात यवतमाळला घशातून दुर्बीण टाकली तेव्हा डॉक्टर म्हणाले, अल्सर आहे, गोळ्या घ्या. मग मला बाहेर बाकावर बसवलं आणि अकीलाला पथ्य समजावलं. बराच वेळ समजावलं. रांधते ती, तेव्हा तिलाच सांगणार. तिखट बंद. खिचडी, खिचडी आणि खिचडी.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

किसनराव फराळाचा डबा घेऊन आला. शेजारी तर आहेच, पण त्याआधीपासूनचा — गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच पट्टीवर बसलो. त्याचा कापूस अजून झाडावर उभा आहे, वेचायला बाया मिळत नाहीत. तरी तोंड चालूच.

"चिवडा वहिनीले आणला, तुले नाई. तुले तं खिचडी." मग माझ्याकडे खालवर पाहिलं. "काऊन बे निजाम, पट्टा कोण्या भोकावर आणला? कंबर तं पोरीवानी झाली. दुसरं लगन लावतं का?"

आत भांडं पडलं. अकीला बाहेर आली नाही, चहाही तिनं दाराआडूनच पुढे केला. तिला असली मस्करी आवडत नाही हे याला इतक्या वर्षांत कळत नाही.

मग म्हणे, "तुह्या अब्बाचा तो फोटो दाखव. माह्या बुढ्यासंग बैलजोडीपुढे उभा हाये तो. माह्या घरी बुढ्याचा एक धड फोटो नाई."

टॅब उघडला. बैलजोडीचा फोटो सापडेना. दुसरं फोल्डर, तिसरं फोल्डर. नाही.

"राहू दे, सापडला का धाडजो," म्हणून गेला.

तो गेल्यावर नीट शोधलं. बैलजोडीचाच नाही असं नाही. अब्बांचा एकही फोटो नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

फरहाला फोन केला. मला वाटलं, पट्टी थांबत होती तेव्हाच काही राहून गेलं. ती म्हणाली, "नहीं अब्बा, किसी से डिलीट हुए होंगे. नीचे कचरे का डब्बा है, उसमें देखो. महीनाभर रहते उसमें, फिर अपने आप चले जाते."

सापडला डबा. उघडला.

अब्बा. अब्बा आणि किसनरावचे वडील, बैलजोडीपुढे. फुफी, सुपारी कातरताना. कोरोनात गेलेले मामू. अकीलाची अम्मी, खाटेवर उन्हात बसलेली. असे बरेच.

सगळे गेलेले. हयात माणसाचा एकही फोटो त्यात नाही.

मशीनला कसं कळावं कोण आहे आणि कोण नाही? गैबचं, जे दिसत नाही त्याचं, ज्ञान एकाच्याच जवळ, मशीनजवळ नाही. हे माहीत असून टॅब कपाटात ठेवून दिला. वर कुराणशरीफ होतं, म्हणून पुन्हा काढून दुसरीकडे ठेवला.

२५ ऑक्टोबर

मशीन नाही. अकीला.

विचारल्यावर लपवलं नाही तिनं. मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मी काढले."

"काहून?"

"गेलेल्या माणसाचा चेहरा असा चमकवत ठेवाव का? त्यांले तिथं तकलीफ होते. बायांच्या बयानात मौलाना सांगतात."

ती मेथी निवडत राहिली. मग आपणहूनच म्हणाली — आणि हे वाक्य दिवसभर माझ्या डोक्यातून जात नाही — "अम्मीचा फोटो माह्या फोनात कित्ती साल राह्यला. आज काढते, उद्या काढते. माणूस गेल्यावर हात उचलत नाही, फरहाके अब्बा. जे करायचं ते पहिलेच करून टाकाव."

तिला रागावणार कसा? तस्वीर बनवणाऱ्याला जाब द्यावा लागेल, हे लहानपणापासून ऐकत आलो आणि त्याच तस्वीरींवर घर चालवलं. रोज शटर उघडताना बिस्मिल्ला म्हणायचो आणि मनात म्हणायचो, पोटासाठी आहे, माफ कर. मला जे इतकी वर्षं निभवता आलं नाही ते तिनं ओट्यावर बसून एका बोटानं केलं.

काही परत आणलं नाही. बैलजोडीचा तेवढा किसनरावला पाठवला. कुठून काढला ते सांगितलं तर त्याचा फोन —

"बापाले कचऱ्यात टाकतं काय बे?"

२ नोव्हेंबर

आभाळ भरून आहे, पाऊस नाही. किसनराव सकाळपासून ढगांना शिव्या घालतो आहे. कापूस भिजला तर गेला.

४ नोव्हेंबर

अकीला यवतमाळला दवाखान्यात गेली होती. मी चप्पल घालत होतो तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ. बायांचं हाये." फरहा परस्पर नागपूरहून तिथे आली. संध्याकाळी दोघी सोबत घरी.

फरहाचे डोळे सुजलेले. म्हणे, बसमध्ये धूळ गेली. माझा हात धरून बसली — लहानपणी जत्रेत धरायची तसा. "अब्बा, गोली वक्त पे लेते ना?" एवढंच तीनदा विचारलं.

अकीलाला विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? "काही नाही. ताकदीच्या गोळ्या देल्ल्या."

गोळ्या कुठे आहेत, दाखव म्हटलं तर ती चुलीकडे गेली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फरहा परत गेली. घर सुनं वाटलं म्हणून तिच्या रुखसतीचा, पाठवणीचा फोटो पाहायला टॅब घेतला.

नाही.

डबा उघडला. नवे फोटो आहेत. फरहाची रुखसती. मुजफ्फरच्या गॅरेजचा पहिला दिवस. दर्ग्यावर गेलो होतो तेव्हा सगळ्यांचा जेवतानाचा. ईदगाहबाहेरचा. आणखीही असतील, मी पुढे सरकवलं नाही.

या फोटोंमध्ये गेलेलं कोणी नाही.

८ नोव्हेंबर

अजून तरी.

९ नोव्हेंबर, रविवार

काल ते दोन शब्द लिहिले आणि स्वतःचीच लाज वाटली. हे असे विचार करणं बरोबर नाही. तरी बसून एकेकाला फोन केले. फोटोंत जे-जे दिसले त्यांना. साडूला, त्याच्या मुलांना, ईदगाहजवळच्या हाफिजजींना. सगळे ठीक. कोणी शेतात, कोणी बाजारात. "आज कशी आठवण झाली?" म्हणत होते. काय सांगणार?

शेवटी मुजफ्फरला. रोज भेटतो त्याला कशाला फोन, पण केला.

"क्या हुआ भाईजान?"

"काही नाही. बरा आहेस ना?"

तिकडून फोनच कटला. संध्याकाळी डाळिंबं घेऊन घरी आला. गॅरेजचे कपडेसुद्धा बदलले नव्हते. बसला, उठला, पुन्हा बसला. मग म्हणे, "भाईजान, मक्केले उमराहले रमजाननंतर कायले जाता? याच महिन्यात जाऊन या दोघं. पासपोर्ट तं तयार हायेत. बाकी मी पाह्यतो."

पासपोर्ट तयार आहेत हे खरं. मागच्या वर्षी दोघांचे फोटो मीच काढले, याच निळ्या पडद्यापुढे. आधी अकीलाचा, मग टायमर लावून माझा. पण इतकी घाई? मी म्हटलं, रमजान होऊ दे, थंडीत अकीलाचे गुडघे दुखतात. तर तो माझ्याकडे न पाहता अकीलाकडे पाहत होता. आणि अकीला भिंतीकडे.

गॅरेजवर तो हल्ली मला बेअरिंगचं खोकंही उचलू देत नाही. "बैठो, बैठो." माझ्या हातून काही चुकलं का, तेही सांगत नाही.

११ नोव्हेंबर

आज दार लावून बसलो. डब्यातले सगळे नवे फोटो एकामागून एक पाहिले. ग्रुप फोटो तपासायची सवय आहे — डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा, कोणाचे डोळे मिटले का ते पाहायचं. तसंच पाहिलं. कोणता चेहरा सगळ्यांमध्ये आहे?

रुखसतीत — अकीला. गॅरेजच्या पहिल्या दिवशी — अकीला, दुपट्टा सावरताना. दर्ग्यावर — अकीला, वाढताना. ईदगाहबाहेर — अकीला, मागे.

प्रत्येकात अकीला आहे.

यवतमाळ. बायांचं हाये. ताकदीच्या गोळ्या, ज्या घरात कुठेच नाहीत. फरहाचे डोळे. मुजफ्फरची घाई. जे करायचं ते पहिलेच करून टाकाव — ती स्वतःबद्दल बोलत होती.

ती स्वतःला पुसून टाकते आहे, माझ्यावर ते काम पडू नये म्हणून.

सगळ्यांना माहीत आहे. मलाच नाही.

१२ नोव्हेंबर

विचारू शकत नाही. तिनं लपवलं ते माझ्यासाठी, मग मीही माहीत नसल्यासारखं राहायला पाहिजे. दिवसभर तिला पाहत होतो. बांगड्या मनगटावर सैल झाल्या आहेत. नमाजला बसली की लवकर उठत नाही. दुआ मागताना ओठ हलतात आणि मग हलायचे थांबतात, हात तसेच वर.

पाणी भरलं मी. झाडूही मारायला घेतला तर तिनं हातातून ओढला — "तुम्ही बसा ना! कोणी सांगतलं तुमाले?" आणि रडायला लागली. झाडूवरून!

जेवताना म्हणाली, "माह्याकडून काही चुकलं असन इतक्या सालात, तं माफ करजा."

घास गिळता आला नाही. आजकाल तसाही गिळता येत नाही.

मगरिबच्या नमाजनंतर मशिदीत एकटाच थांबलो. मागायचं ते मागून टाकलं. माझ्या वाट्याचे जे काही दिवस असतील ते तिला लाव. मला नको. तिला लाव.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अलहमदुलिल्लाह.

आज डब्यात एक नवा फोटो आला आणि छातीवरचा दगड उतरला. पोळ्याचा फोटो आहे, किसनरावच्या दारातला. त्यात किसनराव, त्याचा बैल आणि मी. अकीला नाही!

दोनदा पाहिला, मोठा करून. कोपऱ्यात, मागे, खिडकीत — कुठेच नाही. म्हणजे अकीलाबद्दलचा माझा हिशोब चुकीचा होता. किसनराव सकाळीच टेम्पोत कापूस लादताना ओरडत होता, त्याला काही होत नाही. बैल त्यानं गेल्या साली विकला.

मग माझ्या ध्यानात आलं ते आधीच यायला पाहिजे होतं. इतकी वर्षं या धंद्यात काढून फोटोतली माणसं पाहत बसलो, फोटो पाहिला नाही. हा पोळ्याचा फोटो तिरका आहे. बैलाची शिंगं वरून कापली गेली आहेत. किसनरावच्या पुतण्याच्या हातात कॅमेरा दिला होता, त्यानं असा काढला. पुन्हा मागचे पाहिले. रुखसतीचा — हललेला. त्या वेळी मी फरहाला धरून होतो, कॅमेरा मुजफ्फरकडे. गॅरेजचा — अर्ध्या फोटोत शटर. दर्ग्यावरचा — अंगठा आला आहे. ईदगाहचा — सगळ्यांची डोकी कापलेली. एकही मी काढलेला नाही. मी काढलेला असता तर असा आला असता का?

अकीला खराब फोटो काढून टाकते आहे. बस, एवढंच! हललेले, तिरके, वाकडे. स्टुडिओत मीही हेच करायचो, रोज दुकान बंद करण्याआधी. माझ्यासोबत राहून तिलाही नजर आली.

शुक्रान्याची, आभाराची नमाज पढलो. संध्याकाळी थोडी भूकही लागली, दीड पोळी खाल्ली. नंतर उलटून पडली, पण खाल्ली.

१६ नोव्हेंबर, रविवार

मन हलकं आहे. अकीलाला ओट्यावर टॅब घेऊन बसलेली पाहिलं आणि म्हटलं, "माहीत झालं मले, काय चाललं तुमचं. वाकडे फोटो निवडून-निवडून काढता ना? मालकीणबाई, आधी सांगायचं होतं, दुकानात ठेवलं असतं तुमाले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, फोटो काढताना मी लोकांकडे पाहायचो तसं — हलू नका, म्हणत.

मग म्हणाली, "हो. वाकडेच काढते."

आणि आत गेली. टॅब ओट्यावरच विसरली.

उमराहचं मी हो म्हणून टाकलं. मुजफ्फरला एवढी हौस आहे तर जाऊ. तिथे दोघांसाठी मागू.

१८ नोव्हेंबर

पहाटे फजरनंतर टॅब उघडला. डब्यात एक नवा फोटो.

पासपोर्टचा. टायमर लावून मीच काढलेला, मागे निळा पडदा. अकीलाचा जागेवर आहे.

फोटो सरळ आहे. डोकं कापलेलं नाही. त्यात माझ्याशिवाय कोणी नाही.